सवडीचा टाका
प्रस्तावना

दिवसभर दुसरं काम करून संध्याकाळी किंवा रविवारी चामड्याला हात लावणाऱ्या माणसासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. कुणी बँकेत असेल, कुणी माधापूरच्या कंपनीत संगणकासमोर बसत असेल, कुणी शाळेत शिकवत असेल, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असेल. चामड्यावर पोट भरण्याचा यांचा विचार नाही. स्वतःच्या हातानं एखादं पाकीट, एखादा पट्टा, वहीचं वेष्टण करावं आणि ते चांगलं व्हावं, एवढीच मनापासूनची इच्छा आहे. अशा वाचकाला मला मुख्य गोष्ट एकच सांगायची आहे. तुमच्याकडे सवड आहे, आणि चामड्याच्या कामात सवडीइतकं मोलाचं हत्यार नाही. जोड्यामागे मजुरी मिळणाऱ्या कारागिराला हात भराभर चालवावाच लागतो. त्याच्या घरची चूल त्यावर पेटते. तुमच्यामागे ती घाई नाही. त्यामुळे जे सावकाश केलं तरच नीट होतं ते शिकण्याची सोय तुम्हाला आहे, आणि ते नीट करण्याची जबाबदारीही तुमच्यावर येते. पुढची सगळी प्रकरणं या एका विचारावर उभी आहेत.

हैदराबादेत बसून हे मराठीत लिहिण्यालाही कारण आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते. काचिगुडा, इसामिया बाजार, सुलतान बाजार या भागांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली, आणि आता नोकरीच्या निमित्तानं नवी मराठी घरं शहराच्या पश्चिमेला वसली आहेत. या शहराभोवती चामड्याच्या कलेची फार जुनी ठाणी आहेत. पश्चिमेला कोल्हापूर-अथणीकडची चप्पल. वायव्येला बसवकल्याण, जिथे बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांमध्ये चपला शिवणारे हरळय्या आणि कातडी कमावणारे कक्कय्या मानानं बसत. दक्षिणेला अनंतपूरकडच्या निम्मलकुंटा गावातल्या चामड्याच्या बाहुल्या. आणि तेलंगणाच्या गावागावांत लाकडी कड्यावर कातडं ताणून केलेला डप्पू, आपल्या हलगीचा सख्खा भाऊ.

बाहुल्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण त्यांचं आपल्या भाषेशी नातं आहे. आंध्रच्या या खेळाला तोलुबोम्मलाट म्हणतात. शेळीचं कातडं खरवडून इतकं पातळ करतात की त्यातून उजेड आरपार जातो. मग दोन्ही बाजूंनी रंग भरतात आणि छोट्या पटाशांनी दागिन्यांची बारीक जाळी पाडतात. पडद्यामागे दिवा लागला की प्रत्येक भोक चमकतं. निम्मलकुंट्याच्या दळवाई चलपती राव यांना २०२० मध्ये या कलेसाठी पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा त्यांनी जपली. तमिळनाडूत हाच खेळ करणारी घराणी घरात आजही मराठीची एक बोली बोलतात, आणि आंध्रातल्या कित्येक घराण्यांबद्दलही हेच सांगितलं जातं. म्हणजे कातडं कोरणारी आपली माणसं दक्षिणेत दूरवर पोहोचली. हैदराबादच्या वाचकाला हे काम बघायला लांब जावं लागत नाही. माधापूरच्या शिल्पाराममध्ये याच पद्धतीनं कोरलेले दिव्यांचे शेड विकायला असतात. एक हातात घ्या, उजेडासमोर धरा आणि भोकांच्या रांगा निरखा. सगळी भोकं एका अंतरावर आहेत. ते अंतर यंत्रानं नव्हे, हातानं राखलेलं आहे.

इथेच एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकतो. आपल्याकडे चामड्याचं काम ज्यांनी केलं त्यांना समाजानं त्या कामासाठीच दूर लोटलं. चर्मकार, ढोर-कक्कय्या, तेलंगणातला मादिगा समाज यांनी शेतकऱ्याची मोट, बैलाचे पट्टे, राजाचा जोडा आणि देवळापुढचा वाद्यांचा ताल सगळं पुरवलं, आणि वस्ती मात्र गावाबाहेर केली, कारण त्यांना तिथेच राहू दिलं गेलं. आज तेच काम कुणी छंद म्हणून हाती घेतं तेव्हा त्याला शाबासकी मिळते. हा फरक आपण विसरता कामा नये. चामड्याला हात लावायला अजूनही ज्यांच्या घरात कुरकुर होते त्यांनी ती कुरकुर खुशाल मोडावी. आणि ज्यांना शाबासकी मिळते त्यांनी ही विद्या कुणाची आहे हे प्रत्येक वेळी सांगावं. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची वार्ता २०१९ मध्ये आली. तरी २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तशाच घडणीच्या चपला दाखवल्या, त्या मूळ कारागिरांचं नाव न घेता. टीका झाल्यावर कंपनीनं हे ऋण मान्य केलं. नाव घेणं हा उपकार नाही, तो हिशेबाचा भाग आहे. छोट्या हौशी कारागिरालाही हा नियम तितकाच लागू आहे.

आता कामाकडे वळू. पहिली पायरी म्हणजे चामड्याची ओळख. कच्चं कातडं कुजतं. ते कमावलं की त्याचं चामडं होतं. कमावण्याच्या मुख्य पद्धती दोन. झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिननं कमावणं ही जुनी पद्धत: बाभळीची साल, हिरडा, आणि दक्षिणेत तरवडाची साल. तरवड म्हणजे इथला तंगेडू, बतुकम्मात रचतात ती पिवळी फुलं, तेलंगणाचं राज्यपुष्प. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये आणली. झाडपाल्याच्या कमावणीला आठवडे लागतात, क्रोमला दिवस पुरतात. म्हणून बाजारात क्रोमचं चामडं जास्त, आणि तेच स्वस्त.

हौशी माणसानं सुरुवात साली-हिरड्याच्या चामड्यावर करावी. ते ओलं करून दाबलं तर ठसा धरून ठेवतं, घासलं की त्याची कड चकाकते, आणि शिवताना भोक आकार सोडत नाही. क्रोमचं चामडं मऊ, लवचीक आणि पाण्याला टिकणारं असतं. पिशव्या आणि जाकिटांना ते चांगलं, पण त्याची कड घासून बसत नाही, ती दुमडावी लागते किंवा रंगवावी लागते. दुकानात ओळखायचं कसं? कापलेली कड बघा: क्रोमच्या पोटात बहुधा निळसर-राखी छटा दिसते, सालीच्या चामड्यात तपकिरी. रंग न दिलेल्या जागी पाण्याचा थेंब टाका: सालीचं चामडं तो लगेच पितं आणि तिथे गडद होतं. घरी आणलेल्या कतरणीचं टोक जाळलं तर क्रोमची राख हिरवट उरते.

कातड्याची जागाही बघायला शिका. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो. पट्टा कापायचा तर पाठीच्या कण्याला समांतर कापा, म्हणजे तो ताणला जात नाही. पोटाकडचं चामडं सैल असतं, ओढलं की वाढतं. ते सरावाला ठेवा. जाडीसाठी एक अंदाज पुरे आहे: पाकिटाच्या आतल्या कप्प्यांना १ मिलिमीटरच्या आसपास, कार्डाच्या खोळीला दीड, कमरेच्या पट्ट्याला साडेतीन ते चार. मुशीराबाद-भोलकपूर हा भाग कातडी-चामड्याच्या व्यवहारासाठी जुना आहे. तिथे आणि पिशव्या किंवा सोफे शिवणाऱ्यांकडे कतरणी मिळतात. पहिले काही महिने अख्खं चामडं विकत घेऊच नका. दुकानातल्या चाचांना काय करायचं आहे ते सांगा आणि चामडं त्यांच्या हातानं निवडू द्या. ज्यानं आयुष्यभर कातडी चाचपली आहेत त्याची बोटं तुमच्या डोळ्यांपेक्षा जास्त जाणतात.

हत्यारं थोडीच लागतात. धारदार रापी किंवा चांगला कटर, पोलादी पट्टी, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला दोरा, टाक्याची रेघ ओढायला कंपासपेटीतला दुटोकी कर्कटक, आणि भोक पाडताना मारायला लाकडाची मोगरी. टाक्यांचं अंतर आखायला जेवणाच्या टेबलावरचा काटाही चालतो, फक्त त्याचे दाते सारख्या अंतरावर असावेत. बाहेरून मागवलेला पन्नास नगांचा संच बघून हुरळून जाऊ नका. त्यातली बरीच हत्यारं डब्यातच राहतात. तेच पैसे धार लावायच्या चांगल्या दगडावर खर्च करा. रापीला दगडावर धार लावायची आणि मग चामड्याच्या पट्टीवर पाठमोरी ओढून ती साफ करायची. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेलं पातं घसरतं. कापताना एका झटक्यात आरपार जाऊ नका. पट्टी घट्ट धरून हलक्या हातानं तीन-चार वेळा त्याच रेघेवरून पातं न्या. पट्टी धरलेली बोटं पात्याच्या वाटेत कधीच नसावीत.

पहिलं काम म्हणून मी कार्डाची खोळ सुचवतो. बँकेचं कार्ड ८५.६ × ५४ मिलिमीटरचं असतं. त्यासाठी १०० × ६३ मिलिमीटरचे दोन तुकडे कापा आणि एका तुकड्याच्या वरच्या कडेला मधोमध अंगठ्यापुरती खोबण काढा. तीन बाजू शिवायच्या, वरची उघडी. वरची कड शिवल्यावर हाताला येत नाही, म्हणून ती आधीच घासून घ्या. कडेपासून ३ मिलिमीटरवर रेघ ओढा आणि ४ मिलिमीटरच्या अंतरानं भोकं आखा. सुमारे ५५ भोकं होतील. दोरा शिवणीच्या चौपट घ्यायचा, वर सुयांसाठी थोडा. इथे मीटरभर पुरतो. पुढे नोटांचं पाकीट कराल तेव्हा ध्यानात ठेवा की पाचशेची नोट १५० × ६६ मिलिमीटरची आहे. कप्पा नोटेपेक्षा दोन्ही दिशांनी सेंटिमीटरभर तरी मोठा हवा, शिवणीची जागा वेगळी.

टाका हा या पुस्तिकेचा गाभा आहे, म्हणून तो इथे थोडा जवळून दाखवतो. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवायची. पहिल्या भोकातून एक सुई घालून दोरा दोन्हीकडे सारखा करायचा. मग प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक डावीकडून, एक उजवीकडून. आधी कुठली सुई जाते, दुसरी पहिल्याच्या वरून जाते की खालून, हा क्रम एकदा ठरला की शेवटपर्यंत बदलायचा नाही. दोन्ही हातांनी दोरा एकदम, सारख्या ताणानं ओढायचा. आरीचं पातं शंकरपाळ्याच्या आकाराचं असतं. भोक प्रत्येक वेळी एकाच तिरक्या कलानं पाडलं आणि क्रम राखला तर टाके समोरून एका ओळीत तिरपे पडतात. एकच भोक वेगळ्या कलानं पडलं तरी ते रांगेत उठून दिसतं. शेवटी दोन-तीन टाके मागे शिवून दोरा कापायचा.

हा टाका यंत्राला जमत नाही. यंत्राचे दोन दोरे भोकात एकमेकांना नुसते अडकतात, त्यामुळे एक तुटला की शिवण सुटत जाते. हाताच्या टाक्यात तोच दोरा दोन्ही बाजूंनी पूर्ण जातो. एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते. घोड्याचं खोगीर याच टाक्यानं शिवत, कारण तिथे शिवण सुटली तर स्वार पडतो. बाजारासाठी असं शिवायला कारागिराला परवडत नाही, त्याची मजुरी कुणी देत नाही. तुम्हाला परवडतं. सवड कुठे घालायची, याचं पहिलं उत्तर हेच आहे.

दुसरं उत्तर कडेत आहे. खोळ शिवून झाली की दोन्ही तुकड्यांची कड पॉलिश पेपरनं एकसारखी करा, कोपरे किंचित गोल करा, कडेला पाण्याचं बोट लावा आणि जाड सुती कापडानं जोरात घासा. परदेशी पुस्तकांत यासाठी ट्रॅगाकांथ नावाचा डिंक सांगतात. बेगम बाजारात कतिरा डिंक मिळतो, उन्हाळ्यात सरबतात भिजवतात तो. रात्रभर भिजवून गाळून घेतला की तेच काम करतो. घासताना कड आधी खरखरीत, मग गुळगुळीत, मग चकचकीत होते. शेवटी मेणाचा हात द्या. चांगलं काम ओळखणारा माणूस वस्तू हातात घेतल्यावर आधी कडेवर बोट फिरवतो.

रंगाची एक युक्ती सांगतो, ती आपल्या मातीतलीच आहे. कलमकारीत हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर गंजलेल्या लोखंडाचं द्रावण लावतात आणि रेघ काळी उमटते, कारण टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग होतो. साली-हिरड्याच्या चामड्यात टॅनिन आधीच असतं. लोखंडाचा काथ्या साध्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, बरणीचं झाकण सैल ठेवा कारण आत वायू तयार होतो, आणि मग ते पाणी गाळून चामड्यावर फिरवा. काही मिनिटांत चामडं काळं पडतं, आणि तो रंग हाताला लागत नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून घ्या आणि सुकल्यावर हलकं तेल द्या. आधी कतरणीवर करून बघा. क्रोमच्या चामड्यावर हे चालत नाही. टॅनिन आणि लोखंडाच्या याच गुणामुळे साली-हिरड्याच्या ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी किंवा टाचणी ठेवू नये. काळा डाग पडतो.

या शहराच्या हवेचा विचारही हवा. मे महिन्यात ओलं केलेलं चामडं बघता बघता सुकतं, म्हणून ठसे उमटवताना लागेल तेवढाच भाग ओला करा. पावसाळ्यात बुरशी धरते. चामडं प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा, घडी न घालता सुरळी करून. भिजलेली वस्तू उन्हात किंवा पंख्याखाली ठेवायची नाही. आत कागद भरून सावलीत सुकवायची. आणि चिकटवायचं सोल्युशन वापरताना खिडकी उघडी ठेवा, घरात लहान मुलं असतील तर हे काम बाल्कनीत करा.

ज्यांना पुढे जाऊन हे रीतसर शिकायचं आहे त्यांना रायदुर्गमध्ये फूटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटचं केंद्र आहे. २०१७ च्या कायद्यानं या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. सालारजंग संग्रहालयात जुन्या हस्तलिखितांच्या चामडी बांधण्या आहेत. वहीचं वेष्टण करण्याआधी त्या एकदा बघून याव्यात. पण रोजची शाळा तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. तिथल्या मोचीकडे जोडा शिवायला टाका आणि तो शिवत असताना शेजारी उभे राहा. आरी कशी धरतो, दोऱ्याला मेण कसं लावतो, रापीनं कड कशी तासतो, ते बघा. शिकवायला वेळ मागितलात तर त्या वेळेचे पैसे द्या. तो त्याच्या कामाचा वेळ आहे.

काम जमू लागलं की ओळखीचे लोक वस्तू मागतील. विकायला हरकत नाही, पण दर ठरवताना तुमचे तास धरा. तुमचं घर पगारावर चालतं म्हणून वस्तू चामड्याच्या किमतीत देऊन टाकलीत, तर त्या दराशी बरोबरी करण्याची पाळी पोटासाठी काम करणाऱ्यावर येते. हाताच्या टाक्याची खरी किंमत किती, हे गिऱ्हाईकाला कळवणं हेही हौशी माणसाचं काम आहे, कारण गिऱ्हाईक परत गेलं तरी हौशी माणसाच्या घरी उपास पडत नाही.

पुस्तिकेतली प्रकरणं क्रमानं वाचा, पण वाचत बसू नका. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक वस्तू दिली आहे. ती केल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिली खोळ वाकडी झाली तरी तीच खिशात वापरा. वर्षभरानं ती कुठे झिजली, कुठला टाका सैल पडला, कुठली कड फुगली ते बघा, आणि मग दुसरी करा. ती घेऊन त्या कोपऱ्यावरच्या कारागिराकडे जा. तो उलटसुलट करून पाहील आणि एखाद्या जागी बोट ठेवील. घरी येऊन ती जागा उसवा आणि पुन्हा शिवा. तुमच्याकडे सवड आहे.

काचिगुडा, हैदराबाद